घरजावई

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाकडे तुम्ही पहिल्यांदा जेवायला गेलात की आधी घर दाखवण्याचा कार्यक्रम होतो. तळघरातला मोठा टीव्ही, पाहुण्यांची खोली, दोन गाड्यांचं गॅरेज हे सगळं यजमान भराभर उरकतात. मग दक्षिणेकडच्या एका खिडकीपाशी येऊन ते थांबतात. आवाज खाली येतो. "आणि हा आमचा कढीपत्ता."

तिथे भल्यामोठ्या कुंडीत मधोमध एक काडी उभी असते. काडीच्या टोकाला पाचसात पानं. शेजारी तापमापक, पाण्याचा फवारा आणि मातीत खुपसलेलं ओलावा मोजायचं यंत्र. अशा वेळी "अरे वा, काय छान धरलाय!" असं म्हणायचं असतं आणि ते हात पाठीमागे बांधून म्हणायचं असतं. कारण नवख्या माणसाचा हात आपसूक पुढे जातो, एक पान खुडतो, चुरडतो आणि नाकाला लावतो. असं करणाऱ्या एका गृहस्थांना पुढच्या वर्षी त्या घरच्या गणपतीचं बोलावणं आलं नाही. आणखीही कारणं असतील, पण हे एक मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मिरजेला आमच्या मागच्या दारी कढीपत्ता आहे. तो कुणी लावलेला नाही. बुलबुलाने कुठेतरी काळी फळं खाल्ली, आमच्या कुंपणावर बसून बी टाकलं, मोरीचं पाणी मिळालं, झालं झाड. मुळांतून दरवर्षी नवे फुटवे येतात आणि आई ते दरवर्षी उपटून फेकते. गल्लीत कुणाच्या फोडणीला कमी पडला की एखादं पोर येऊन न विचारता डहाळी ओरबाडून नेतं. भाजीवाली कोथिंबिरीवर फुकट टाकते. आणि एवढं करून पोह्यांत पान सापडलं की आपण ते ताटाच्या कडेला काढून ठेवतो. इतकी वर्षं ज्याला कडेला काढलं, तो असा सूड उगवेल असं वाटलं नव्हतं.

इथे डेट्रॉइटकडे भारतीय दुकानात कढीपत्ता मिळतो. प्लॅस्टिकच्या पाकिटात, दोन डॉलरला. घेताना हिरवा असतो. घरी आणून फ्रीजमध्ये ठेवला की दोनचार दिवसांत निम्मी पानं काळी पडतात आणि उरलेल्या निम्म्यांपेक्षा पाकिटालाच जास्त वास येतो. आईला फोनवर हे सांगितलं.

"दीडशे रुपयांचा कढीपत्ता? अगं, त्यात माझी दोन दिवसांची भाजी येते." मग जरा थांबून, "रोपच लाव की एखादं. त्याला काय लागतंय?"

त्याला काय लागतं, या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात आता एका एक्सेल फाइलीत आहे. तिच्यात अकरा शीट आहेत.

रोप आणायचं तरी कुठून? भारतातून आणता येत नाही. फ्लोरिडात नवऱ्याच्या चुलतभावाच्या अंगणात कढीपत्त्याचं रान माजलंय, पण तिथूनही आणता येत नाही. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला. संत्र्याच्या बागा उजाड करणारा ग्रीनिंग नावाचा रोग जी सिला कीड पसरवते (विदर्भातल्या संत्रावाल्यांना तिची ओळख करून द्यायला नको), ती कढीपत्त्यावरही मजेत नांदते. २००५ साली हा रोग फ्लोरिडात सापडला, तिथल्या संत्र्यांची दैना झाली, आणि केंद्रीय कृषी खात्याने ही रोपं अशी गाडीत घालून राज्याबाहेर न्यायला मनाई केली. नियम रास्तच आहे. फक्त गंमत अशी, की नोव्हेंबर २०१८ मध्ये मिशिगनच्या, म्हणजे आमच्या राज्याच्या, जनतेने मतदान करून गांजा कायदेशीर केला. घरात गांजाची १२ झाडं बिनदिक्कत लावता येतात. म्हणजे दारात पोलीस आला तर आम्ही त्याला बारा झाडं कौतुकाने दाखवू शकतो. फ्लोरिडाहून आलेलं तेरावं तेवढं न्हाणीघरात लपवावं लागेल.

उरला मार्ग बियांचा. आणि बियांचा मार्ग नोव्हाय गावच्या काकूंच्या घरावरून जातो.

काकूंच्या घरी काचेच्या खोलीत छताला टेकलेला कढीपत्ता आहे. त्याला पांढऱ्या फुलांचे झुपके येतात, हिरवी फळं धरतात, ती लाल होतात आणि मग काळी. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष येतात नि जातात. काकू कायम आहेत. नाटकाच्या तिकिटापासून नवरात्रातल्या भोंडल्याच्या खिरापतीपर्यंत सगळीकडे त्यांचं मत आधी घेतात, आणि त्यामागे काय आहे ते प्रत्येकाला ठाऊक आहे. मी फोन केला तेव्हा त्यांनी माझी रीतसर मुलाखत घेतली.

"घराचं तोंड कुठे आहे?"

"पूर्वेला. का हो काकू, वास्तुशास्त्र बघता का?"

"ऊन बघते. दक्षिणेला खिडकी आहे?"

"आहे. पण तिथे सोफा आहे."

"सोफा हलेल. डिसेंबरात भारतात जाता का?"

"जातो की, एक वर्षाआड."

"हं," काकू म्हणाल्या. त्या 'हं'चा अर्थ मला फार उशिरा लागला.

मधल्या काळात नवऱ्याने टपालाने वाळलेल्या बियांचं एक पाकीट मागवलं. त्यावर रंगीत झाड छापलं होतं. बिया पेरल्या, पाणी घातलं, त्यांना बुरशी आली. बुरशी मात्र उत्तम वाढली. काकू हसल्या. कढीपत्त्याचं बी वाळलं की मेलं. ते झाडावरून उतरवायचं, गर काढून धुवायचं आणि ओलं असतानाच मातीत घालायचं. म्हणून काकूंचा निरोप आला तो असा : "फळं पिकलीत. आज संध्याकाळी या. उद्या नको." नवरा ऑफिसातली मीटिंग सोडून आला. कारण विचारलं तेव्हा 'फॅमिली इमर्जन्सी' असं सांगून आला.

काकूंनी ओल्या टिशूत गुंडाळून मोजून नऊ फळं दिली. बोटभर पाण्यात ती चिमटीने दाबली की जांभळट गर सुटतो आणि आत हिरवं, गुळगुळीत बी निघतं. गर गोडसर लागतो. बी खायचं नसतं. लेकीने एक फळ तोंडात टाकलं तेव्हा तिचा बाप हात पसरून तिच्यासमोर उभा राहिला आणि ती बी थुंकेपर्यंत हलला नाही. तिच्या दुधाच्या दातांच्या वेळीही त्याने एवढी आस्था दाखवली नव्हती.

आता ऊब. उगवायला माती चांगली कोमट लागते, पंचवीस अंशांच्या वर असली तर उत्तम. मिशिगनच्या थंडीत आमच्या घरात माणसंही एवढ्या उबेत राहत नाहीत. आधी ट्रे फ्रीजच्या डोक्यावर गेला, मग इंटरनेटच्या राउटरवर, मग तळघरात फर्नेसशेजारी. नवरा गाड्यांच्या गरम होणाऱ्या सीटांवर काम करतो. एका शनिवारी तो चाचणीतून बाद झालेलं सीटचं हीटर घेऊन आला आणि ट्रेखाली अंथरलं. तापमापक लावले. दर चार तासांनी आकडे एक्सेलमध्ये जाऊ लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला ताप आल्यावर हा माणूस "बघू" म्हणून कपाळाला हात लावतो आणि "नाहीये फारसा" म्हणतो.

काही आठवड्यांनी एका कपात हिरवं टोक वर आलं. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले. फोटो आजोळी गेले, काकूंना गेले, फ्लोरिडाला गेले. टोक भराभर वाढलं. दोनाची चार पानं झाली, पानांना झालर आली, खोडावर लव आली. आई व्हिडिओ कॉलवर चष्मा लावून बघत होती.

"अगं, जवळ धर जरा. हा टोमॅटो आहे."

"आई, हा परदेशातला कढीपत्ता आहे, इथे जरा वेगळा..."

"टोमॅटोच आहे तो."

कुंडीतली माती मागच्या उन्हाळ्यातली होती. तेव्हा ती टोमॅटोची होती. नवऱ्याने फाइलीतली तीन शीट काहीही न बोलता पुसली. कढीपत्ता पुढे यथावकाश आला, निम्म्याअधिक बियांतून आला, आणि आल्यावर बसून राहिला. दोन टिकल्यांएवढी पानं काढायची आणि महिनाभर त्यांचं कौतुक करून घ्यायचं, हा त्याचा वेग. पण त्यातलं एक इवलं पान लेकीने चुरडलं (तिला त्यासाठी दोन दिवस टीव्ही बंद होता) आणि तिची बोटं मी गुपचूप हुंगली. थेट मिरजेची मोरी.

मग उजेडाचा प्रश्न आला. डिसेंबरात इथे पाचला अंधार पडतो आणि त्याआधीही उजेड म्हणावा असं काही नसतं. म्हणून रोपवाढीचे दिवे घ्यायला आम्ही एका दुकानात गेलो. दुकानदार दाढीवाला, प्रेमळ.

"काय लावताय?"

"कढीपत्ता."

"अच्छा," तो डोळा मिचकावत म्हणाला. "तुमच्याकडे त्याला असं म्हणतात का?"

आम्ही स्वयंपाकात घालतो म्हटल्यावर तर तो अधिकच खूश झाला. तो दिवा जांभळा होता. रात्री आमच्या तळघराच्या खिडक्यांतून जांभळा प्रकाश बर्फावर पडायचा. समोरच्या आजोबांनी आठवडाभर पाहिलं आणि मग पत्रपेटीपाशी गाठून नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता लपवायची गरज नाही रे पोरा. कायदा झालाय." हा गडबडून म्हणाला, "ते नाहीये, ही आमची पानं आहेत, तेलात तळतो." आजोबांनी त्याच्याकडे नव्या आदराने पाहिलं.

जानेवारी २०१९ च्या शेवटी ध्रुवीय थंडी खाली उतरली. पारा उणे पंचवीसच्या आसपास. शाळा बंद. अशात ३० तारखेला गॅस कंपनीच्या एका केंद्रात आग लागली आणि रात्री साडेदहाच्या सुमारास सगळ्यांचे फोन एकदम कोकलले : गॅस कमी पडतोय, थर्मोस्टॅट ६५ फॅरनहाइटवर आणा. म्हणजे साधारण अठरा सेल्सिअस. राज्यपाल बाईंनीही आवाहन केलं. आम्ही कायदा पाळणारी माणसं, लगेच बटण दाबलं. दोन मिनिटं शांतता. मग नवरा अंधारात उठला. कढीपत्त्याला आमच्या पलंगाजवळ आणून ठेवलं, त्याच्याभोवती माझ्या सासूबाईंनी शिवलेली गोधडी गुंडाळली आणि सीटचं हीटर लावलं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू स्वेटर घाल ना."

त्या रात्रीपासून घरात कुणाचं काय स्थान आहे ते स्पष्ट झालं. घरात घरजावई आला होता. सोफा हलवून त्याला दक्षिणेची खिडकी मिळाली होती. काम काही नाही, उत्पन्न शून्य. दार दोन मिनिटं जास्त उघडं राहिलं तरी मान टाकणार, जागा हलवली तर रुसणार, आणि पानं गळू लागली की दोष आपल्याकडे. त्याच्यासमोर मोठ्याने बोलायचीही चोरी.

घरजावयाच्या प्रकृतीवर बोलायला सगळं गाव मोकळं असतं. पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी : आई म्हणाली, गंजका खिळा पुर मातीत. आमच्या घरात गंजका खिळा मिळेना. नवा आणून अंगणात गंजायला ठेवला. साताऱ्याच्या आत्यांनी आंबट ताक घालायला सांगितलं. मिरजेत ताक मोरीपाशी घालतात, वर आभाळ असतं. आम्ही ते बंद घरात, बावीस अंशांत, गालिच्यावरच्या कुंडीत घातलं. तिसऱ्या दिवशी दुग्धालयाचा वास सुटला आणि मातीतून बारीक चिलटं उठली. पाहुणे आले की ती नेमकी वरणाच्या वाटीवर घोंगावायची. "मिशिगनमध्ये एवढ्या थंडीत चिलटं?" पाहुण्यांना नवल वाटायचं. आम्हीही वाटून घ्यायचो.

मे महिन्यातल्या मदर्स डेच्या आधी कुंड्या बाहेर काढायच्या नाहीत, असा इथला दंडक. आम्ही त्या दिवशी सकाळी काढल्या. आयुष्यभर दिव्याखाली वाढलेल्या पानांना खरं ऊन सोसलं नाही, दुपारपर्यंत ती पांढरी पडली. मग रोज अर्धा तास, मग एक तास, असं त्याला फिरवून आणायचं ठरलं. खारींनी कुंड्या उकरल्या, म्हणून जाळी आली. आणि ऑगस्टात एका पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली. मी ओल्या फडक्याने पुसायला गेले तर विष्ठा सरकली. आणखी जवळून पाहिलं तर तिने डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि सडक्या फळाचा वास सोडला. ती जायंट स्वॅलोटेलची अळी होती, उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या फुलपाखराची. कढीपत्ता कधी न पाहिलेल्या त्या फुलपाखराने वासावरून लिंबाचं गोत्र बरोबर ओळखलं होतं. इथे आमच्या ऑफिसातल्या लोकांना तीन वर्षांत जोशी आणि जोसेफ यांतला फरक कळला नाही.

अळीला मारायचं की नाही, यावर घरात उभी फूट पडली. लेकीला फुलपाखरू हवं होतं. बापाला पानं हवी होती. शेवटी अळीला शेजाऱ्याच्या लिंबाच्या कुंडीवर पोचवण्यात आलं. शेजाऱ्याला हे अजून माहीत नाही.

पहिली थंडी पडायच्या आत, पारा दहाच्या खाली जायच्या आधी, झाड पुन्हा घरात. फर्नेसच्या कोरड्या हवेने लाल कोळी झाले, पानांखाली जाळी विणली गेली. दिवाळी येईपर्यंत सगळी पानं गळून उरली नुसती काठी. हिवाळ्यात तो असाच झोपतो, पाणी कमी घाला आणि गप्प बसा, हा काकूंचा सल्ला. पण गप्प बसणं आपल्या स्वभावात नाही. झाड जिवंत आहे का हे बघायला नखाने साल किंचित खरवडतात. आत हिरवं दिसलं तर जिवंत. आम्ही खरवडून पाहिलं. मग दिवाळीच्या फराळाला आलेल्या प्रत्येकाने खरवडून पाहिलं. "अजून हिरवं आहे हं!" असं जो तो आनंदाने सांगायचा आणि चकली उचलायचा. भाऊबीजेपर्यंत त्या काठीला कमरेपर्यंत साल उरली नव्हती.

याच दिवसांत नवऱ्याने वाचून काढलं की झाडाच्या शास्त्रीय नावातला 'कोनिगी' हा योहान कोनिग नावाचा माणूस. लिनिअसचा शिष्य, बाल्टिक किनाऱ्याकडचा, १७६८ साली तमिळ मुलखातल्या तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत आला आणि तिथल्या वनस्पती गोळा करत फिरला. "बघ, एवढ्या थंड देशातला माणूस आपल्याकडे येऊन रमला," तो काठीकडे पाहून म्हणाला. बोलणं मला उद्देशून नव्हतं.

मार्चमध्ये काठी फुटली. त्यानंतर हळूहळू झाड गुडघ्याएवढं झालं, मग कमरेएवढं, आणि आता त्याला फोडणीपुरती पानं सहज असतात. पण आम्ही ती तोडत नाही. फोडणीला कढीपत्ता लागला की मी दुकानातून दोन डॉलरचं पाकीट आणते. झाड नव्हतं तेव्हा संपला तर चालायचा, आता घरात झाड असल्यामुळे मोह होऊ नये म्हणून पाकीट कायम भरलेलं ठेवावं लागतं.

एकदाच तोडला. मंडळाच्या कार्यक्रमासाठी पुण्याहून आलेले एक कलाकार आमच्याकडे उतरले होते. सकाळी पोहे केले आणि नवऱ्याने स्वतः कात्री निर्जंतुक करून सात पानं आणली. प्रत्येक पान तेलात पडताना आम्ही दोघं ओट्यापाशी उभे होतो. कलाकारांनी पोह्यांची तारीफ केली, दुसऱ्यांदा मागून घेतले आणि बोलता बोलता, अगदी सवयीने, एकेक पान काढून बशीच्या कडेला लावलं. एक, दोन, तीन. नवऱ्याचे डोळे त्या बशीवरून हलेनात. चौथ्या पानाला त्याला राहवलं नाही.

"ते खातात," तो म्हणाला.

"काय?"

"ते पान. त्यात लोह असतं."

कलाकार जग हिंडलेले, सभ्य गृहस्थ. त्यांनी चारही पानं मुकाट्याने चावून खाल्ली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती असं मला वाटलं. नवरा म्हणतो, कृतज्ञता होती.

यंदाच्या डिसेंबरात मिरजेला जायचं ठरलं, तिकिटं काढायला बसलो, आणि काकूंचा तो 'हं' मला लख्ख कळला. तीन आठवडे याला बघणार कोण? शेजारी नको, त्यांनी मागे रोज पाणी घालून आमचं तुळशीचं रोप बुडवलं होतं. मंडळातले सगळे स्वतःच भारतात. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझ्याकडे आधीच पाच आहेत, पाळणाघरात." नवऱ्याने तिकिटांचं पान बराच वेळ उघडं ठेवलं आणि मग अतिशय त्यागाच्या स्वरात म्हणाला, "तू आणि मुलं जाऊन या. मी थांबतो."

तर सध्या आम्ही मिरजेत आहोत. आईच्या ओळखीच्या बायका हळदीकुंकवाच्या निमित्ताने येतात, मुलांचे गाल ओढतात आणि दाराकडे बघत विचारतात, "जावईबापू नाही का आले?"

"त्यांना ऑफिसात सुट्टी मिळाली नाही," आई सांगते. काल मात्र एक बाई गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "अगं, मी एवढं सगळ्यांना ऑफिस ऑफिस सांगतेय, आणि तो गावाच्या ग्रुपवर रोज सकाळी त्या कुंडीशेजारी बसून फोटो टाकतोय. वर लिहितो, 'आज नवीन पान!' लोकांना काय सांगू मी?"

एवढं बोलून ती मागच्या दारी गेली आणि विळ्याने कढीपत्त्याचे फुटवे कापायला बसली. मी घाईघाईने हातातल्या फोनवरचा व्हिडिओ कॉल बंद केला. तिकडे नवरा बघत होता.